बर्फाची वाट पाहताना



हिवाळा आला की आपल्याकडील वृत्तपत्रांत एक छायाचित्र ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर, मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर जमलेला असतो आणि पर्यटक तो हातात घेऊन न्याहाळत असतात. आपण त्यास कौतुकाने बर्फ म्हणतो. वस्तुतः तो आकाशातून पडलेला नसतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते व पानांवरील दव गोठते, इतकेच. तरीही त्या चिमूटभर हिमकणांसाठी पहाटे उठून तलावाकाठी जाणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सातासमुद्रांपलीकडील काही छंदिष्टांचे मन सहज समजेल.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, मोबील ही शहरे वसलेली आहेत. येथे जानेवारीतही ह्यूस्टनचे दुपारचे तापमान साधारणतः १६-१७ अंश सेल्सिअस असते. बर्फ पडलाच तर कित्येक वर्षांतून एकदा. म्हणूनच तेथील हवामानप्रेमी त्याची जशी वाट पाहतात, तशी उत्तरेकडील शिकागो किंवा बॉस्टनचा मनुष्य कधीच पाहणार नाही. हे लोक व्यवसायाने शास्त्रज्ञ नसतात. कोणी शिक्षक, कोणी संगणक अभियंता, कोणी शाळकरी मुलगा. परंतु डिसेंबर उजाडला की संगणकीय प्रारूपांचे नकाशे उघडून ते रात्री जागवतात. अमेरिकेचे जीएफएस नावाचे प्रारूप दिवसातून चार वेळा नवे भाकीत देते. युरोपीय केंद्राचे प्रारूप त्याच्याशी ताडून पाहिले जाते. २५ डिसेंबर २००४ रोजी टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, ब्राउन्सव्हिलमध्ये, १०९ वर्षांनी बर्फ पडला होता. ती तारीख या मंडळींना घरातल्या लग्नाच्या तिथीसारखी पाठ असते.

आपल्या समाजातील अनेक घरांची मुलेबाळे आज त्या भागात नोकरी-शिक्षणानिमित्त राहतात. त्यामुळे हा छंद आता आपल्याही घरात दूरध्वनीवरून येऊन पोहोचला आहे. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात, इकडे सकाळचे साडेनऊ. नातू नकाशाविषयी उत्साहाने सांगत असतो आणि सांगलीच्या घरात पूजा आटोपून बसलेली आजी विचारते, "अरे बाळा, पडणार की नाही, एक काय ते सांग बघू!" नातू म्हणतो, "आज्जी, चाळीस टक्के." आजीला वाटते, हा उत्तर टाळतो आहे.

आजचे चिंतन या 'चाळीस टक्क्यां'विषयी आहे.

प्रथम अडचण कोठे आहे ती पाहू. आखाताच्या काठी बर्फ पडण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. उत्तर ध्रुवाकडील अतिशीत हवा इतक्या दक्षिणेला उतरली पाहिजे आणि नेमक्या त्याच सुमारास आखातावर कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन त्याने बाष्प पुरविले पाहिजे. थंडी आली आणि बाष्प समुद्रातच राहिले, तर आकाश कोरडे. बाष्प आले आणि थंडी थोडी मागे राहिली, तर नुसता पाऊस. शिवाय जमिनीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीवर उबदार हवेचा पातळ थर आडवा आला, तर वरून निघालेला हिमकण वाटेत वितळतो आणि खाली येताना पुन्हा गोठून गारेसारखा टणक होतो किंवा जमिनीला स्पर्श होताच काचेसारखा गोठतो. एका अंशाच्या फरकाने आनंदाचे रूपांतर संकटात होते. अशा स्थितीत चार-पाच दिवस आधी 'पडेल' किंवा 'पडणार नाही' असे ठामपणे सांगणे हे ज्ञानाचे लक्षण नव्हे.

वातावरणाचा हा स्वभाव एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९६३ साली गणिताने दाखवून दिला. आरंभीच्या मोजमापातील अत्यंत सूक्ष्म फरकही पुढे वाढत जाऊन संपूर्ण भाकीत बदलून टाकतो. त्यावर उपाय म्हणून १९९२ च्या अखेरीपासून अमेरिका आणि युरोप येथील केंद्रांनी एकाच भाकितावर विसंबणे सोडले. आरंभीच्या स्थितीत जाणूनबुजून किंचित बदल करून अनेक भाकिते काढावयाची व त्यांतील किती भाकिते काय म्हणतात ते पाहावयाचे, अशी ही रीत आहे. पन्नासांपैकी वीस भाकितांत बर्फ दिसला, तर शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास ठरते. म्हणजे नातवाचा आकडा हा टाळाटाळीचा नसून मोजलेल्या अज्ञानाचा आहे. किती ठाऊक आहे व किती नाही, हे दोन्ही तो एकाच शब्दात सांगतो.

येथे जैन वाचकाला 'स्यात्' या शब्दाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'कदाचित' असा केला जातो आणि मग स्याद्वाद म्हणजे संशयवाद, असा आक्षेप येतो. आचार्यांनी हा अर्थ कधीच मान्य केला नाही. स्यात् म्हणजे कथंचित्, अमुक एका अपेक्षेने. वस्तू आपल्या द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने आहे, तर परद्रव्यादिकांच्या अपेक्षेने नाही. विधान निश्चितच असते, परंतु ते कोणत्या दृष्टिकोनातून केले, तेही त्यात सांगितलेले असते.

हवामानाचे प्रामाणिक भाकीत नेमके याच चार प्रश्नांची उत्तरे देते. द्रव्य कोणते: बर्फ, गारा की गोठणारा पाऊस? क्षेत्र कोणते: शहराचा उत्तर भाग की समुद्रकिनारा? काल कोणता: सोमवारची मध्यरात्र की मंगळवारची दुपार? भाव कोणता: जमिनीवर टिकणारा कोरडा बर्फ की पडताच विरघळणारा ओला? या चौघांचा उल्लेख नसलेले 'बर्फ येणार!' हे वाक्य एकांतवादी आहे. ते एखादे वेळी खरे ठरले तरी त्यामागे ज्ञान नसते.

सप्तभंगी आणि टक्केवारी या एकच गोष्टी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. सप्तभंगी वस्तूच्या अनेक धर्मांविषयी बोलते, टक्केवारी घडण्या-न घडण्याच्या प्रमाणाविषयी. तरीही या दोहोंत काही आप्तसंबंध आहे, असे एका थोर भारतीय संख्याशास्त्रज्ञाला वाटले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांवर लिहिताना स्याद्वादाची सविस्तर चर्चा केली. पुढे १९५७ साली 'सांख्य' या नियतकालिकात जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञानेही याच विषयावर लेख लिहिला. हेच महालनोबिस १९२२ पासून काही वर्षे कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते. ज्याने रोजच्या आकाशाचा हिशेब ठेवला, त्याला स्याद्वाद आपलासा वाटावा, यात नवल नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बर्फाची वाट पाहणाऱ्याची खरी कसोटी गणितात नसते, मनात असते. त्याला बर्फ हवा असतो. दोन प्रारूपांपैकी एकाने वीस सेंटिमीटर दाखविले व दुसऱ्याने काहीच दाखविले नाही, तर त्याचा डोळा पहिल्याकडे वळतो. दुसऱ्या दिवशी पहिल्याने माघार घेतली की त्याला त्या प्रारूपातील दोष दिसू लागतात. आदल्या दिवशी ते दिसले नव्हते. नकाशा तोच, आकडे तेच, परंतु राग आणि द्वेष यांचा पडदा मध्ये आला. इच्छेने रंगलेले हे भाकीत आपण सर्वच जण करीत असतो. मुलाच्या परीक्षेच्या निकालाविषयी, स्थळाकडून येणाऱ्या होकाराविषयी, घरातल्या रुग्णाच्या तपासणीच्या अहवालाविषयी आपण कोणत्या बाजूचे पुरावे मोजतो व कोणते वगळतो, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. मोहाने ज्ञान झाकोळते, हे वाक्य आपण प्रवचनात शेकडो वेळा ऐकतो. हवामानाचा नकाशा ते दर सहा तासांनी प्रत्ययाला आणून देतो.

जानेवारी २०२५ मध्ये या मंडळींची प्रतीक्षा फळाला आली. मंगळवार, २१ जानेवारी रोजी टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत आखाताचा किनारा पांढरा झाला. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. तेथील आधीचा विक्रम १९६३ च्या अखेरच्या दिवशीचा होता. फ्लोरिडातील मिल्टन येथे ९.८ इंच बर्फ पडला आणि १९५४ पासूनचा त्या राज्याचा ४ इंचांचा विक्रम मोडला. लुइझियानाच्या लेक चार्ल्स येथील हवामान कार्यालयाने आपल्या इतिहासात प्रथमच हिमवादळाचा इशारा दिला. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता अशी मुले अंगणात नाचली. त्या आनंदात खोटे काहीच नव्हते.

त्याच दिवशी ह्यूस्टनचे दोन्ही मोठे विमानतळ बंद होते, लुइझियानातून जाणारा महामार्ग बंद होता आणि त्या वादळात रस्त्यांवरील अपघातांनी व थंडीने माणसेही दगावली. टेक्सासच्या लोकांना याहून कठीण आठवण होती. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तेथील वीजव्यवस्था कोलमडली, ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापना अंधारात गेल्या आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य लोक थंडीने गारठून गेले. बंद घरात ऊब मिळावी म्हणून कोळसा पेटविणारे किंवा गाडीचे इंजिन चालू ठेवणारे काही जण विषारी वायूने गेले. एका खिडकीतून जे सौंदर्य दिसते, तेच दुसऱ्या खिडकीतून मरण म्हणून दिसते. बर्फ एकच आहे. येथे अनेकान्त हा पोथीतला सिद्धांत राहत नाही, तो शेजारधर्म होतो. आपल्याकडेही कडाक्याची थंडी पर्यटकाला हवी असते, तेव्हा निफाडचा द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसलेला असतो.

मग वाट पाहणे हा दोष मानावा काय? मला तसे वाटत नाही. आपल्या इच्छेने बर्फ पडतही नाही आणि थांबतही नाही. त्यामुळे त्याचे पाप-पुण्य इच्छेच्या नव्हे, तर त्या काळातील आपल्या वागण्याच्या खाती जमा होते. प्रतीक्षेचे चार दिवस मिळतात, ते कसे घालविले हा प्रश्न आहे.

ह्यूस्टनमध्ये थंडीची लाट येण्यापूर्वी चार गोष्टी सांभाळण्याची आठवण सर्वत्र दिली जाते: माणसे, पाळीव प्राणी, पाण्याचे पाइप आणि झाडे. इंग्रजीत हे चारही शब्द 'प' या ध्वनीने सुरू होतात, म्हणून ते लहान मुलांच्याही तोंडी बसलेले आहेत. आपल्या वाचकांना या यादीत षट्जीवनिकायाची पुसट सावली दिसेल. मनुष्य आणि पशू हे त्रसजीव, पाइपातील पाणी हे अप्काय, झाडे हे वनस्पतिकाय. यादी करणाऱ्यांच्या मनात हे नसणार. परंतु संकट आले की जीवदयेची गणना सर्वत्र सारखीच होते, हे त्यातून उमगते.

आणि बर्फ स्वतः? दशवैकालिक सूत्रात आणि मूलाचारातही अप्कायिक जीवांच्या गणनेत दव, धुके आणि हिम यांचा समावेश आहे. बावीस अभक्ष्यांच्या परंपरागत यादीतही हिम व गारा येतात. दक्षिण अमेरिकी राज्यांत ताज्या बर्फात दूध-साखर घालून मुलांना खाऊ घालण्याची जुनी पद्धत आहे. एखाद्या नातवाने "आज्जी, खाऊ का?" असे विचारले, तर नुसते 'नको' म्हणण्यापेक्षा हे कारण त्याला सांगावे. ज्याची तू आठ दिवस वाट पाहिलीस ते निर्जीव दृश्य नव्हे, तोही जीवांचा समूह आहे. डोळे भरून पाहा, गरजेपेक्षा अधिक तुडवू नकोस. मुलांना हे चटकन पटते. प्रेमाने ज्याची वाट पाहिली, त्याला जपावे हे त्यांना शिकवावे लागत नाही.

तेव्हा पुढच्या हिवाळ्यात परदेशातून 'चाळीस टक्के' असे उत्तर आले, तर आजींनी रागावू नये. उलट आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिला: "हे कोणत्या आधारावर सांगतोस, आणि तुला हवे आहे म्हणून तर सांगत नाहीस ना?" दुसरा: "शेजारी एकटे राहणारे कोणी वृद्ध आहेत का? त्यांच्याकडे कांबळे, पाणी, औषधे आहेत का, हे पाहून आलास का?" पहिल्या प्रश्नाने नातवाचे ज्ञान शुद्ध होईल, दुसऱ्याने त्याची प्रतीक्षा. बर्फ पडला तर तो निर्मळ मनाने पाहील. नाही पडला तरी शेजाऱ्याच्या दारात नेऊन दिलेले कांबळे वाया जाणार नाही. थंडी तर येणारच आहे.