प्रकरणांना नावे हवीत

चिंचवड-भोसरीहून चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला कादंबरी वाचायची, तर ती कंपनीच्या बसमध्ये, तुकड्यातुकड्यांनीच. पाळी बदलली की वाचन चार दिवस खंडते. अशा वाचकाला ‘प्रकरण १७’ हा आकडा काहीच सांगत नाही. प्रकरणाचे नाव मात्र सुटलेला धागा पुन्हा हाती देते.

आपल्या परंपरेने हे केव्हाच ओळखले होते. दासबोधात २० दशक व २०० समास; प्रत्येकाला नाव आहे. म्हणूनच ‘मूर्खलक्षण’ म्हणताच तो समास डोळ्यांपुढे उभा राहतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तील रात्रींना केवळ क्रमांक असते, तर ‘मुकी फुले’, ‘पत्रावळ’ घरोघरी नावानिशी आठवल्या असत्या काय?

शीर्षकाने रहस्य फुटते, हा आक्षेप निराधार नाही. मात्र तो दोष शीर्षकाचा नव्हे, लेखकाच्या उतावळेपणाचा. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’च्या (१९६७) नऊ खंडांना कर्ण, कुंती, दुर्योधन अशी निवेदकांचीच नावे दिली. कर्णाचा शेवट तर सर्वांना ठाऊक. तरीही आता कुंती काय सांगणार, ही उत्कंठा त्या एका नावाने जागते.

२०१६ साली ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले. साहित्य श्रमिकांच्या नगरीत आले, हे उचितच झाले. परंतु दिवसभर राबणाऱ्याला सवड थोडी मिळते, हे ध्यानी घेऊन लिहिणे हाही त्याचा सन्मानच होय. प्रकरणाला समर्पक नाव देणे, ही त्याची पहिली पायरी.