भूतानमध्ये वाटाड्या हवाच

भूतानच्या सहलीची चौकशी करणाऱ्या मराठी कुटुंबाला दोन अटी हमखास खटकतात. पहिली म्हणजे माणशी दर रात्री 1200 रुपयांचे शाश्वत विकास शुल्क. दुसरी म्हणजे थिंफू-पारोच्या पलीकडे जायचे तर सोबत परवानाधारक स्थानिक गाईड घेण्याची सक्ती. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर प्रवेश मिळतो, बाजारात आपला रुपया चालतो, मग हा भुर्दंड कशाला, असा सूर निघतो. शुल्काबद्दलची कुरबुर एक वेळ समजण्यासारखी आहे. गाईडबद्दलची मात्र नाही, कारण संपूर्ण सहलीत सर्वांत सार्थकी लागणारा पैसा त्याच्यावरच खर्च होतो.

पुण्यातल्या खडकीसारख्या लष्करी वस्तीत या तक्रारीला आणखी एक धार येऊ शकते. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र इथेच, सीमा रस्ते संघटनेसाठी रस्ते बांधणाऱ्या ग्रेफ दलाचे केंद्र पलीकडे दिघीला. साहजिकच, ‘भूतानचे रस्ते आपल्याच माणसांनी बांधले, आता त्याच रस्त्यावरून जायला पैसे का मोजायचे?’ असा प्रश्न इथे हक्काने विचारता येईल. त्यातला पूर्वार्ध खरा आहे. 1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरून डोंगरवाटांनी त्यांनी पारो गाठले. सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प 1961 मध्ये सुरू झाला आणि या कामात अनेकांनी प्राणही गमावले. पण तिबेटवर चीनने कब्जा केल्यानंतरच्या त्या काळात हे रस्ते भारताच्या संरक्षणालाही हवे होते. दोघांच्या गरजेतून झालेल्या कामाचे बिल साठ वर्षांनी पर्यटकाने यजमानापुढे ठेवणे शोभत नाही. शिवाय इतर परदेशी पाहुण्यांकडून भूतान रात्रीला 100 डॉलर घेतो. शेजारधर्माची सवलत आपल्याला मिळालेलीच आहे.

गाईड कशासाठी, याचे उत्तर दोचुला खिंडीत मिळते. तिथे 108 चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, ओळीने उभे आहेत. आसाममधल्या बंडखोरांनी भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या सैन्याने ते उधळून लावले आणि त्या मोहिमेत कामी आलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ हे स्तूप उभारले गेले. भारताविरुद्ध लढणाऱ्या गटांशी झुंजताना ते मेले, हे भारतीय पर्यटकाला माहीत असायला हवे. प्रत्यक्षात 2019 मध्ये याच खिंडीत एक दुचाकीस्वार शिडी लावून चोर्तेनवर चढला आणि त्याने फोटो काढून घेतला. तो महाराष्ट्रातून आला होता. त्याच्या हेतूत खोट असेलच असे नाही. आपण कशावर पाय ठेवतो आहोत, याची जाणीव त्याला त्या क्षणी नसावी. त्या वर्षी भूतानला आलेल्या सुमारे सव्वातीन लाख पर्यटकांपैकी दोन लाखांहून अधिक भारतीय होते. देशाची लोकसंख्याच आठ लाखांच्या आत. एवढ्या गर्दीला फलक लावून शिस्त लागत नाही, तिथे माणूसच लागतो.

खर्चाचा आक्षेप मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे नुसते शुल्कच 33,600 रुपये पडते. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मी सूट आहे, तरी विद्यार्थी आणि बेताच्या मिळकतीचे प्रवासी मागे पडतात, आणि त्यांच्यासाठी भूतानने वेगळा दर ठेवावा, ही मागणी रास्त ठरेल. पण मर्यादा घालणे हाच अन्याय असे म्हणता येत नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात शुल्क, आगाऊ नोंदणी आणि रोजच्या संख्येवर बंधन आपण स्वीकारले आहे, कारण पायदळी तुडवलेली फुले आपण डोळ्यांनी पाहिली. किमान 60 टक्के भूभाग कायम वनाखाली ठेवण्याचे वचन राज्यघटनेत लिहिणाऱ्या देशाने ती वेळ येण्याआधीच दार अर्धे लोटले, इतकेच.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. सरकारी परवान्यावर काम करणारा गाईड सोयीचाच भूतान दाखवणार. हे बऱ्याच अंशी खरे आहे. 1990 च्या दशकात लाखभर नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना देश सोडावा लागला आणि त्यांनी नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढली. ‘आनंदी देशा’च्या वर्णनात हे प्रकरण सहसा येत नाही. तेवढ्यासाठी गाईड नाकारला, तर मात्र हाती काहीच लागत नाही. एकट्याने फिरणाऱ्याला हा इतिहास झोंगच्या, म्हणजे किल्लेवजा मठांच्या, भिंती सांगणार नाहीत. तो वाचूनच जावे लागते, आणि वाचून गेलेल्यालाच गाईडला नेमके प्रश्न विचारता येतात.

म्हणून बदल व्हायला हवा तो आपल्या सहलींच्या घडणीत. आपल्या अनेक गटसहलींत मराठी टूर मॅनेजर, मराठी जेवण आणि मराठी गप्पांची चोख व्यवस्था असते. ती असावीही, वडीलधाऱ्यांना त्याचा आधार वाटतो. पण त्यात स्थानिक गाईड प्रवेशपत्रे दाखवण्यापुरता उरतो. सहल कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यासाठी रोज ठरावीक वेळ राखावा, त्याच्या बोलण्याचा अनुवाद मॅनेजरकडून करवून घ्यावा आणि त्याचे मानधन खर्चात वेगळे दाखवावे. पर्यटकांनीही नोंदणी करताना हॉटेलच्या ताऱ्यांआधी याचीच चौकशी करावी.