दुहेरी शक्तीची मोटार : लाभ कोणाला?

बंगळूरमधील मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर आखण्यात आली. तिच्या उभ्या-आडव्या रस्त्यांची मापे ठरली तेव्हा मोटारीचा प्रश्नच नव्हता. त्याच रस्त्यांवर आज अवजड एसयूव्ही गाड्यांची दाटी असते. नवी गाडी घेताना पेट्रोल पत्करावे की वीज, हा प्रश्न तेथील कुटुंबांपुढे उभा राहतो. ‘प्लग-इन हायब्रिड’ गाडी दोन्ही देऊ करते. हे देणे खरे ठरण्यासाठी कोणती अट पाळावी लागते, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावयास हवा.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन यंत्रे एकत्र नांदतात. साध्या हायब्रिडची लहान बॅटरी इंजिनावर व ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवर भरते. हिची मोठी बॅटरी घरच्या विजेवरही भरता येते. सुमारे १८ युनिटांची बॅटरी १६ अँपिअरच्या प्लगवर सहा-सात तासांत, म्हणजे एका रात्रीत भरते आणि एसयूव्हीला साधारणपणे ५०-६० किलोमीटर नेते. थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत पेट्रोलमधील बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र घेतलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचविते.

एक उदाहरण घेऊ. मल्लेश्वरममधील एखाद्या मराठी कुटुंबाची गाडी वर्षातून ३०० दिवस रोज २५ किलोमीटर शहरात फिरते आणि दोनदा बेळगावला जाऊन येते. शहरातील अंतर ७,५०० किलोमीटर आणि बेळगावचे सुमारे २,००० किलोमीटर भरते. रोज रात्री प्लग लावला, तर पहिला आकडा जवळजवळ सर्वस्वी विजेचा होतो. प्लग लावलाच नाही, तर संपूर्ण ९,५०० किलोमीटर पेट्रोलवर पडतात आणि दीड-दोनशे किलोचे ओझे विनाकारण वाहिले जाते. गाडी तीच, परिणाम मात्र अगदी निराळा.

ही भीती काल्पनिक नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२१ साली नोंदलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष रस्त्यावरील कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. गाड्या अपेक्षेपेक्षा फार कमी वेळा भारित केल्या जात होत्या, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

म्हणून निवडीची कसोटी गाडीच्या दालनात नसून घराच्या दारात आहे. ज्याच्या अंगणात गाडी उभी राहते आणि भिंतीवर योग्य जाडीच्या तारेचा, भूसंपर्क असलेला स्वतंत्र प्लग बसविता येतो, त्याला ही गाडी उपयोगी पडेल. सदनिकेत राहणाऱ्याने आपल्या जागेपर्यंत तार नेण्याची परवानगी आणि मीटरची व्यवस्था आधी पक्की करावी. रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्याने या फंदात पडू नये. लांबचे प्रवास वर्षातून दोनच असतील, तर लहान विजेची गाडी आणि बेळगावसाठी आगगाडी ही जोडी अधिक शहाणपणाची. ऑगस्ट २०२५ पासून बंगळूर-बेळगाव वंदे भारत गाडीही धावू लागली आहे. त्यामुळे अरुंद रस्त्यावर जागाही कमी अडते.

भारतात विजेच्या गाड्यांवर ५ टक्के, तर मोठ्या हायब्रिड गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. हा भेद कमी करण्याची मागणी होते. सवलत द्यावयाचीच झाल्यास ती ‘हायब्रिड’ या नावाला न देता विजेवर प्रत्यक्ष कापलेल्या अंतराला द्यावी. असे अंतर मोजणे आज यंत्राला अवघड नाही. शहराची हवा गाडीवरील बिल्ल्याने सुधारत नाही. विज्ञान साधन देते. त्याचे फळ मात्र रोज रात्री प्लग लावणाऱ्या हातावर अवलंबून राहते.