कोरीव शंखाचे मोल

वर्ध्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही रामेश्वर, कन्याकुमारी वा जगन्नाथपुरीच्या प्रवासातून आणलेला एखादा कोरीव शंख हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या व्यापारी घरात काचेच्या कपाटात आढळणे नवलाचे नाही. वाटणीची वेळ आली की त्याचे मोल किती, हा प्रश्न उभा राहतो. सोन्याप्रमाणे येथे तोळ्याचा भाव नसतो. वस्तूचीच परीक्षा करावी लागते.

पहिली परीक्षा हाताची. बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर हे शंखकामाचे जुने केंद्र. तेथील कारागीर शंखाच्या पाठीवर देवदेवता व वेलबुट्टी कोरतात. हातकामात रेषेची खोली सर्वत्र सारखी नसते आणि जोडीचे दोन शंख तंतोतंत जुळत नाहीत. भिंगाखाली हत्याराच्या खुणा दिसतात. साच्यातून काढलेल्या नकलेत मात्र सांध्याची बारीक रेघ किंवा हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे सापडतात.

दुसरी परीक्षा जातीची. दक्षिणावर्ती म्हणून भारी किमतीला विकला जाणारा शंख पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरील निराळ्याच गोगलगायीचा असतो. त्या जातीत उलटे वळण ही नेहमीचीच गोष्ट आहे. पूजेच्या खऱ्या शंखाच्या तोंडात, मधल्या खांबावर, तीन-चार ठळक वळ्या असतात. त्या नसतील तर पैसे मोजण्यापूर्वी थांबावे.

तिसरी परीक्षा चमकेची, आणि जैन गृहस्थाने खरा विचार येथे करावयाचा आहे. बाजारात तकाकी असलेल्या, अभंग शंखाला अधिक भाव मिळतो. परंतु मेलेल्या जीवाचा शंख लाटांत व वाळूत घासून निस्तेज होतो, त्याला किडे भोके पाडतात. तकाकी टिकते ती बहुधा जीव जिवंत असताना शंख समुद्रातून काढल्यामुळे. तुतिकोरिनच्या समुद्रात पाणबुडे असे जिवंत शंख काढत आले आहेत. म्हणजे वाढीव किंमत अनेकदा त्या जीवाच्या मरणाचीच असते. शंख, कवडी, शिंपला ही शास्त्रात द्वींद्रिय जीवांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे; स्पर्श आणि रस ही त्यांची दोन इंद्रिये. भगवान नेमिनाथांचे लांछनही शंखच आहे.

अशा प्रश्नाला वर्ध्याने पूर्वी एक उत्तर दिले आहे. गांधीजींच्या प्रेरणेने गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडीला चर्मालय चालविले. कत्तल केलेल्या नव्हे, तर स्वाभाविक मरण आलेल्या गुरांचे कातडे तेथे कमावले जाई. वस्तू कशी दिसते याआधी ती कशी मिळाली, हे तेथे विचारले गेले. १९३८ साली वर्ध्यात उघडलेल्या मगन संग्रहालयानेही ग्रामोद्योगातील हातकामाला मानाचे स्थान दिले. हाताचा मान आणि जीवाची दया, ही दोन्ही मापे शंखालाही लावता येतात.

कायद्याची बाजूही विसरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली काही शंख-शिंपले आले. इटलीतील टोर्रे देल ग्रेको येथे ज्याच्यावर कोरून पदके केली जातात, तो लालसर जाड शंख, सायप्रेकॅसिस रुफा, त्यांपैकीच एक. मोठा शिंगाळ शंख, नॉटिलस व राक्षसी शिंपल्याच्या काही जातीही त्या यादीत होत्या. वारशाने असे काही घरात आले असेल, तर विकण्यापूर्वी वनविभागाला विचारावे.

घरातील जुना शंख जपावा. पितळेप्रमाणे त्याला चिंच वा लिंबू लावू नये. आम्लाने चुना विरघळतो आणि कोरीव रेषा बुजतात. मऊ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. लाकडी बंद कपाटातील आम्लयुक्त वाफेनेही त्यावर पांढरी भुकटी धरते, म्हणून त्याला हवा लागू द्यावी. तो कोणी, कोठून, केव्हा आणला, हे चिठ्ठीवर लिहून ठेवल्यास पुढच्या पिढीला त्याची खरी किंमत कळेल. नवा घेताना मात्र विक्रेत्याला पहिला प्रश्न भावाचा नव्हे, तर शंख कसा मिळाला याचा करावा. उत्तर मिळाले नाही, तर कपाटातील ती जागा रिकामी राहिलेली बरी.