फुकट नव्हे, मुक्त!

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाचे फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होतात. अमेरिकेतील संगणक-व्यवसायाच्या नियतकालिकांनी त्यांतील पहिलाच अर्थ बव्हंशी उचलला, आणि मालकीच्या प्रश्नाचा किमतीचा प्रश्न करून टाकला.

आरंभ असा नव्हता. मार्च १९८५ मध्ये 'डॉक्टर डॉब्ज जर्नल'ने रिचर्ड स्टॉलमन यांचा 'ग्नू' जाहीरनामा छापला. संगणक चालविणारी युनिक्स ही मूळ प्रणाली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या मालकीची होती. तिच्याच धर्तीची प्रणाली नव्याने लिहावी, आणि ती अभ्यासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क सर्वांना असावा, ही त्यामागील भूमिका. पुढे फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिलेला गाभा १९९२ मध्ये ग्नूच्याच परवान्याखाली आला आणि लिनक्स उभे राहिले.

परंतु व्यवसाय-नियतकालिके जगतात जाहिरातींवर, आणि ज्या वस्तूला मालक नाही तिला जाहिरातदार कोठून असणार? तरीही 'इन्फोवर्ल्ड' साप्ताहिकाला १९९७ चे उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याचे पारितोषिक लिनक्स वापरणाऱ्यांच्या समुदायालाच द्यावे लागले. एकमेकांच्या अडचणी विनावेतन सोडविणारी माणसे बड्या कंपन्यांच्या पगारी खात्यांना भारी ठरली, याची ती कबुलीच होती. मालकावाचून हे काम चालले कसे, याचा शोध मात्र त्या मानाने थोडाच घेतला गेला.

एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेने विंडोज एनटी हे लिनक्सहून कितीतरी वेगवान असल्याचा निर्वाळा दिला. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने सोसला होता. (दाखविलेले दोष पुष्कळसे खरे निघाले, हेही नमूद केले पाहिजे, आज्ञावली सर्वांसमोर उघडी असल्याने ते पुढे दूरही झाले.) त्याच वर्षी ११ ऑगस्टला लिनक्सचा व्यापार करणाऱ्या रेड हॅट कंपनीचा १४ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५२ डॉलरवर गेला, आणि स्तंभच्या स्तंभ भावांनी भरले. ज्यांच्या श्रमांवर ही किंमत उभी होती त्यांतील अनेकांना कंपनीने मूळ भावात शेअर देऊ केले होते. पण गुंतवणुकीचा पुरेसा अनुभव नाही, या सबबीवर दलाल कंपनीने त्यांच्यापैकी कित्येकांना प्रथम अपात्र ठरविले. श्रमाचा अनुभव भांडवलाच्या खातेवहीत जमा होत नाही, तो असा!

२०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट सुमारे ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य उत्पादनाची नेमकी मूळ आज्ञावली सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याचे थांबवून ती ग्राहकांपुरती ठेवली. कायद्याने हे बसते की नाही, यावर वाद बराच झाला. १९८५ चा जाहीरनामा त्या वादात क्वचितच कोणी उघडून पाहिला असेल.