दुधाला फॅट बघता, उसाला उतारा बघता, मग गवती चहाला नुसतं वजन का?



आपल्या पट्ट्यात सध्या गवती चहाचे ठोंब विकणारे फिरतायत. हातात रंगीत कागद, त्यावर एकच आकडा, एकरी वर्षाला इतकं किलो तेल. खाली दुसरा आकडा, इतके लाख. माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा कुठल्या जमिनीतला आणि कुठल्या महिन्यातल्या कापणीचा, हे जो सांगत नाही, त्याच्याकडून एक ठोंबसुद्धा घेऊ नका.

पिकाला मी नावं ठेवत नाही. सालवडला माझ्या बांधावर गवती चहा आहे. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, फवारणीचा खर्च नाही, वरकस जमिनीतही तग धरतो. पण तेल म्हणजे भात नव्हे. तेल पानाच्या आत असतं आणि ते किती भरेल हे जात, ऊन, पाणी, सावली आणि कापायची वेळ ठरवते.

साधा हिशेब बघा. १०० किलो ओल्या पाल्यात ढोबळमानाने पाव ते अर्धा किलो तेल. म्हणजे टनाला अडीच ते पाच किलो. कापणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, भट्टीचं जळण टनाला तेवढंच लागतं, तेल अडीच निघो नाहीतर पाच. शेतकरी तरला की बुडाला, ते या मधल्या अडीच किलोत ठरतं. कागदावर मात्र कायम वरचाच आकडा.

आता आपलं हवामान घ्या. आपल्याकडे पाऊस २००० मिलिमीटरच्या वर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत गवत कंबरेएवढं होतं, बघणारा खूश होतो. पण ढगाळ हवेत वाढलेल्या पाल्यात पाणी जास्त, तेलाचं प्रमाण कमी. ऑगस्टमधलं पान आणि जानेवारीतलं पान हातावर चुरगळून बघा, नाकालाच कळेल. पावसाळ्यातल्या कापणीचं वजन आणि उन्हाळ्यातल्या कापणीचं तेल, दोन्ही एकत्र गुणून जो आकडा काढतो तो फसवतोच आहे.

दुसरी थाप सावलीची. म्हणे चिकूच्या वाडीत आंतरपीक घ्या. अहो, हे उन्हाचं गवत आहे. डहाणू-घोलवडच्या जुन्या वाड्यांत दुपारी जमिनीवर ऊन पडत नाही. तिथे फुटवे कमी आणि तेलही कमी. नवीन आंब्याच्या लागवडीत पहिली काही वर्षं जमेल, जुन्या चिकूखाली नाही.

काही जाणकार म्हणतील, जात चांगली घ्या, लखनौच्या सीमॅपची ‘कृष्णा’ घ्या, प्रश्न मिटला. जात महत्त्वाची, कबूल. पण जातीने पाऊस थांबत नाही. सीएसआयआरचं अरोमा मिशन २०१७ पासून चालू आहे. त्यात मराठवाडा, बुंदेलखंड अशा पाण्याची ओढ असलेल्या भागांवर भर आहे. तिथे पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास. तिथला आकडा तिथे खरा असेल, तो सालवडला लागू होतोच असं नाही. मेंथा पिकवणारे बाराबंकीचे शेतकरी पाऊस यायच्या आत कापणी उरकायला धडपडतात, ते उगाच नाही.

आणि हे ज्ञान काही परवाचं नाही. आपल्याच खानदेशात रोशा गवताचं तेल काढत. ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळायला वापरलं जायचं. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे. मोतिया उताराच्या, निचऱ्याच्या, उन्हाच्या जागी, तर सोफिया सखल, ओलसर जागी. मोतियाच्या तेलाला भाव जास्त, सोफियाला कमी. नुसतं गवत बघून किंवा वजन करून भाव ठरत नव्हता, तेल बघून ठरत होता. मग आज आपल्याला भारा तोलून का गप्प करतात?

डेअरीत दूध घातलं की फॅट लागते. उसाचा दर साखर उताऱ्याला बांधलेला आहे. गवती चहातही तेल किती आणि त्यात सिट्रल किती, यावरच व्यापारी पुढे विकतो. सिट्रल ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की तोच व्यापारी नाक मुरडतो. पुढे विकताना तपासणी आणि आपल्याकडून घेताना ताणकाटा, हा कुठला न्याय?

म्हणून ठोंब घेण्याआधी चार गोष्टी लिहून मागा.

१) पालघर जिल्ह्यातल्याच शेतावरच्या तेलाची तपासणी, पावसाळी आणि हिवाळी कापणीची वेगवेगळी.
२) भाव तेलाच्या किलोवर आणि सिट्रलवर, ओल्या पाल्यावर नाही.
३) भट्टी किती लांब आणि कापल्यावर किती तासांत माल घेणार. पाला एक दिवस सावलीत पसरून सुकवला तर चालतो, ढीग करून ठेवला तर तापतो आणि कुजतो.
४) तेल काढताना शेतकरी समोर उभा राहणार.

कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या आणि कोकण कृषी विद्यापीठातल्या साहेबांना हात जोडून विनंती. एक छोटी भट्टी लावा, महिन्याच्या महिन्याला तेल काढा आणि आकडे फळ्यावर लिहा. आपल्या मातीतला आकडा आपल्याकडे नसेल, तर परक्याचा कागदच खरा ठरतो.

ठोंब विकणाऱ्याचा पैसा लागवडीच्या दिवशीच वसूल होतो. आपला वसूल व्हायचा असतो भट्टीतून. कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, पण आपल्या शेतातला आकडा घेऊन लिहा.