खुब्याचा एक एक्स-रे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा खुबा बहुधा जन्मतः जागेवरच असतो. तो पुढे हळूहळू सरकतो. मांड्यांचे आतले स्नायू ताठ, मूल उभे राहत नाही, खोबण उथळ राहते आणि मांडीच्या हाडाचा गोळा निसटू लागतो. सुरुवातीला दुखत नाही, हीच मेख. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत हे आईला कधीच कळलेले असते. तिला कोणी विचारत नाही, इतकेच.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पाहणीत अशा सुमारे 35 टक्के मुलांचे खुबे सरकलेले आढळले. सर्वाधिक बाधितांत 90 टक्के. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून ठरावीक काळाने एक्स-रे काढतात. तिथे खुबा पुरता निखळणे विरळ झाले. गोळ्याचा तिसरा हिस्सा खोबणीबाहेर दिसला की सावध व्हायचे. वेळेत सापडले तर कधी स्नायू सैल करण्यावर भागते. उशीर झाला की मांडीचे हाड कापून, फिरवून प्लेट बसवावी लागते. काहींना खोबणीचेही हाड कापावे लागते.

मराठवाड्यातल्या गरिबाला अशा वेळी छत्रपती संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय, म्हणजे घाटी, आठवते. पण घाटीपर्यंत पोचण्याआधीची वर्षे महत्त्वाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत जातात. त्यांच्या यादीत खुब्याचा जन्मजात दोष आहे. नंतर सरकणाऱ्या खुब्यासाठी सेरेब्रल पाल्सीच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर पुढच्या एक्स-रेची तारीख लिहावी. त्याला नवा निधी लागत नाही, पेन लागते.